लाळेऱ्यावरची मिनिटं

सेन्सर लावून द्यायला आलेल्या बाईने चपला घालता घालता सांगितलं होतं, "आकडा नंतर बघा. आधी त्याच्याखालची मिनिटं बघा. आकडा कधीचा आहे ते कळल्याशिवाय तो आपला नाही."

सुनेने मान डोलावली आणि दार लावेपर्यंत विसरूनही गेली. तिचा तरी काय दोष? त्या बाईने तासाभरात सूचनांचा असा काही भडिमार केला होता की त्यातली कामाची कुठली आणि नुसती तोंडाची वाफ कुठली हे निवडायला चाळणी लागली असती. दंडाला तेल लावू नका, त्या कुशीवर झोपू नका, दाराच्या चौकटीला घासू नका, कुणी प्रेमाने दंड दाबायला आलं तर दुसरा पुढे करा. त्यात ही मिनिटं. शिवाय सून संख्याशास्त्रातली एम.एस्सी., विमा कंपनीत दिवसभर आकड्यांचीच सालं काढणारी. ती मनात म्हणाली, बाई, आकडे मला शिकवू नका, ती चिकटपट्टी तेवढी सरळ लावा.

दंड होता तिच्या सासऱ्यांचा. त्यांना घरात अण्णा म्हणत आणि रस्त्यावरही अण्णाच. बेकरीला लागून त्यांचं सलून. खुर्च्या दोन, पण एकीवर कायम जुनी वर्तमानपत्रं बसलेली, त्यामुळे गिऱ्हाईक एका वेळी एकच. अण्णांचा हात हलका आणि तोंड अखंड चालू. गालावर वस्तरा फिरत असताना गिऱ्हाइकाला उलट बोलता येत नाही, या एका सोयीवर त्यांनी चाळीस वर्षं राजकारणापासून जावयांपर्यंत सगळ्यांची हजामत केली होती. रक्तातली साखर मात्र त्यांच्या हाताबाहेरची. जेवणाआधी इन्सुलिन टोचायचं आणि मग त्या टोचण्याचा मान राखण्यापुरतं जेवायचं, असं डॉक्टरांचं म्हणणं. अण्णा टोचायचे इमानदारीत. मान राखण्याच्या बाबतीत जरा ढिले.

मागे एकदा साखर एकाएकी उतरली आणि अण्णा न्हाणीघरात आडवे झाले. त्यांचा मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, लांब पल्ल्याचे ट्रक चालवायचा. तो परतला तोच फर्मान घेऊन. दुकान बंद. हातात वस्तरा आणि डोळ्यांपुढे अंधार, हे दोन एका माणसाला शोभत नाही. अण्णांनी दोन दिवस मिठाची गुळणी धरली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, दुकान बंद करायचं तर मलाही कुलूप लावा, किल्ली एकाच जुडग्यात ठेवा.

मध्ये पडली ती सून. तिने सेन्सरची टूम काढली. दंडावर रुपयाएवढी चकती, तिचा आकडा अण्णांच्या फोनवर, तिथून सुनेच्या फोनवर आणि तिथून थेट तिच्या मनगटावरच्या घड्याळावर. आकडा शहाण्यासारखा वागतोय तोवर दुकान उघडं. नवऱ्याने ऐकलं, पण बजावून ठेवलं की अजून एकदा असं काही झालं की दुकानाची किल्ली माझ्या खिशात. तेव्हापासून अण्णांचं दुकान सुनेच्या मनगटाला बांधलेलं होतं.

सून मूळचीच धास्तावलेली. टिल्ली झाल्यापासून तर जास्तच. टिल्ली म्हणजे तिची अडीच वर्षांची लेक. ती शांत झोपली की आई तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू असल्याची खात्री करायची, आणि त्या बोटाने पोरगी जागी झाली की रात्रभर तिला थोपटत स्वतःला बोल लावायची. असल्या बाईच्या मनगटावर कुणी दुसऱ्याच्या रक्तातला आकडा दिला तर ती काय करेल? ती तो पाणी पिताना बघायची, जिना उतरताना बघायची, साहेब बोलत असताना टेबलाखाली बघायची. साहेबांना वाटायचं बाईला घरी जायची घाई आहे.

घड्याळावर तिने टिल्लीचा फोटो लावला होता. आकडा यायचा वर, टिल्लीच्या कपाळावर, चांगला ठसठशीत. मिनिटं यायची खाली. आता खाली काय होतं, तर टिल्लीचं लाळेरं. पांढरंशुभ्र. आणि मिनिटांची अक्षरंही पांढरी, बारीक. पांढऱ्यावर पांढरं. ती मिनिटं तिथे होती यात शंका नाही, पण ती दिसायला लेकीने आधी लाळेऱ्यावर काही सांडायला हवं होतं.

सेन्सरवाल्या बाईने दुसरंही एक सांगितलं होतं. आकडा येणं थांबलं तर घड्याळ थरथरेल, ती सूचना बंद करू नका. सुनेने ती आठवड्याभरात बंद केली. कारण अण्णा फोन टेबलावर ठेवून संडासला गेले की घड्याळ थरथरायचं. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला अण्णांच्या पोटाचं वेळापत्रक पाठ झालं. "आज उशीर केला गं त्यांनी," ती काळजीने म्हणायची. शेवटी लाजेकाजेस्तव सुनेने ती थरथर कायमची मिटवली.

तिकडे सलूनमध्ये निराळाच तमाशा. गिऱ्हाइकं आत आली की नमस्काराऐवजी विचारायची, अण्णा, आज किती? सामन्याचा स्कोअर विचारावा तसं. दोनशेच्या वर गेला की टाळ्या. अण्णा वरवर हसायचे. एक दिवस भर दुकानात त्यांनी बेकरीतलं बिस्किट तोंडात घातलं आणि थोड्या वेळात फोन वाजला. हातांना साबण, म्हणून त्यांनी तो कोपराने स्पीकरवर घेतला. सुनेचा आवाज दुकानभर घुमला, "अण्णा, काय खाल्लंत?" गुडघ्याएवढ्या पोराला विचारतात त्या सुरात. दुकान खो खो हसलं. अण्णांनी उरलेलं अर्धं बिस्किट आरशासमोर ठेवलं.

इथून पुढचं सुनेला बऱ्याच उशिरा कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकलेलं बरं.

अण्णांच्या दुकानात टॉवेल गरम करायची स्टीलची पेटी होती, जाड पत्र्याची, घट्ट झाकणाची. वर्षापूर्वी तिची तार जळली होती आणि तेव्हापासून तिच्यात टॉवेल थंडच पडून असत. एकदा टॉवेलांबरोबर फोन चुकून आत गेला आणि ती दुपार अण्णांना स्वर्गासारखी गेली. शेजारी बेकरीत जाऊन त्यांनी आख्खी पेस्ट्री खाल्ली, तरी कुणाचा फोन नाही. ते काही विद्वान नव्हते, पण त्यांना एवढं समजलं की पेटीत गेला की फोन आंधळा होतो.

संध्याकाळी फोन बाहेर काढला आणि चकतीने साठवून ठेवलेली सगळी साखर एकदम ओकली. सुनेच्या फोनवर आलेखात डोंगर उगवला. तिने घरी आल्या आल्या अण्णांना फैलावर घेतलं. चोर पकडल्याचा तिला इतका आनंद झाला की एक साधा प्रश्न तिला पडलाच नाही: दुपारी हा डोंगर माझ्या मनगटावर का नव्हता? संख्याशास्त्रातली एम.एस्सी.

अण्णांनी मात्र धडा घेतला. नेमका चुकीचा. त्यांनी ठरवलं की डोंगर उगवता कामा नये. म्हणजे पेस्ट्री खायची, पण आधी इन्सुलिन चार युनिट जास्तीचं टोचून घ्यायचं. साखर वर यायच्या आतच खाली बसेल. फोन पेटीत, पेस्ट्री पोटात, आलेख सपाट, सून खूश. डाव असा बिनतोड की तो कुणाला सांगता येत नाही याचंच त्यांना वाईट वाटत होतं.

मंगळवारी त्यांनी तो खेळायचं ठरवलं.

दुपारी सून मीटिंगमध्ये होती. तिने टेबलाखाली मनगट वळवलं. टिल्लीच्या कपाळावर एकशे अठरा. वा. साहेबांनी पाच तक्ते दाखवले. एकशे अठरा. चहा आला, बिस्किटं आली, साहेबांचा जोक आला, ती हसली. एकशे अठरा. मैत्रीण कानाशी लागली, "तुझे सासरे साधू झाले का गं?"

सुनेला आधी अभिमान वाटला. मग एक साधा प्रश्न पडला. अण्णांची साखर आणि स्थिर? गेल्या तीन महिन्यांत तो आकडा कधी एका जागी बसला नव्हता. अण्णा झोपलेले असतानाही तो कुशी बदलायचा. ज्या घरात पोरगं दंगा करतंय ते घर ठीक असतं, आवाज बंद झाला की आई धावते. सून तशी उठली. साहेब वाक्याच्या मध्यावर होते. त्यांना तिथेच सोडून ती बाहेर आली आणि घड्याळ खिडकीच्या उजेडात धरलं. आकड्यावर नव्हे, लाळेऱ्यावर नजर रोवली. डोळे बारीक केले. पांढऱ्यात पांढरं हळूहळू दिसायला लागलं.

त्रेपन्न मिनिटांपूर्वी.

म्हणजे तासभर ती ज्याच्याकडे बघून खूश होत होती तो आकडा नव्हता, आकड्याचा फोटो होता.

तिने अण्णांना फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. दुकान बेकरीच्या भिंतीला चिकटलेलं, अण्णा बाहेर कुठल्या क्षेत्रात जातील? मग तिने बेकरीवाल्या ताईंना लावला. ताई भट्टीशी होत्या. त्यांना वाटलं नेहमीप्रमाणे चौकशी, म्हणून त्यांनीही नेहमीप्रमाणे अण्णांची बाजू घेतली. काही खाल्लं नाही हो त्यांनी. सुनेने विचारलं, नेलं का? तर ताई जरा चाचरल्या आणि म्हणाल्या, नेलंय खरं, पण वकीलसाहेब दाढीला आले, त्यामुळे जेवणाचा डबाही तसाच आणि पेस्ट्रीही खोक्यातच राहिलीय, मी मघाशी बघितली, दोरीसुद्धा सुटली नाही.

सुनेला वाटलं, चला, निदान खाल्लेलं तरी नाही. पाठोपाठ वाटलं, दुपारी इन्सुलिन घेऊन बसलेला माणूस आणि खाल्लेलं नाही.  चार युनिटं जास्तीची आहेत हे तर तिला ठाऊकही नव्हतं.

"ताई, जरा काचेतून डोकावून बघा ना. काय करतायत?"

ताई गेल्या. फोनमधून त्यांच्या चपलांचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "बरे दिसतायत की. उभे आहेत, वस्तरा घासतायत पट्ट्यावर. वकीलसाहेब डोळे मिटून पडलेत."

"बोलतायत काय?"

"कोण? वकीलसाहेब बोलतायत, त्यांचं ते कोर्टातलं."

"अण्णा?"

ताईंनी पुन्हा काचेला डोळा लावला. "अण्णा गप्प आहेत गं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचाही आवाज उतरला.

खुर्चीत गिऱ्हाईक, गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस, आणि अण्णा गप्प. त्यापुढे कुठल्या यंत्राची गरज नव्हती. सुनेने ताईंना सांगितलं, साखरेचं दाट पाणी करा, मी पोचतेय. ऑफिस ते सलून दोन गल्ल्यांचं अंतर. ऑफिसचे बूट घालून ते धावत कसं कापायचं याचा नमुना तिने त्या दिवशी रस्त्याला दाखवला. वाटेत टिल्लीचं पाळणाघर. टिल्लीने खिडकीतून आई बघितली, हात हलवला, आणि आई थांबली नाही हे बघून भोकाड पसरलं. आईच्या काळजाचे दोन तुकडे झाले, पण पाय पुढच्याच तुकड्यामागे धावले.

दुकानात शिरली तेव्हा चित्र असं: वकीलसाहेब मान मागे टाकून, डोळे मिटून, जागेच्या एका दाव्यात रंगलेले. अण्णांचा शर्ट पाठीला चिकटलेला, चेहरा पिठासारखा, आणि हात पट्ट्यावर वस्तरा घासतोय, वर, खाली, वर, खाली, जसं काही जन्मभर तेच एक काम नेमून दिलंय. वकीलसाहेबांच्या मिशीची उजवी बाजू जागेवर होती. डावी नव्हती. त्यांनी फक्त दाढी सांगितली होती, पण मिटल्या डोळ्यांना याचा पत्ता नव्हता. अण्णांनी घासणं थांबवलं, वस्तरा उचलला आणि वकीलसाहेबांच्या गळ्याकडे वळले.

ओरडावं असं तिच्या जिवाला वाटत होतं. पण टिल्ली हातात कात्री घेऊन उभी राहिली की ओरडायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं. ओरडलं की मूठ आवळते. ती हळू, रोजच्या आवाजात म्हणाली, "अण्णा, वस्तरा बघू तुमचा. टिल्लीचे केस कापायचेत."

अण्णांनी तिच्याकडे बघितलं. ओळखलं की नाही, देव जाणे. कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "नंबर लावून बस."

मग ती खरंच बसली. वर्तमानपत्रांवर. आणि बसल्या बसल्या हात पुढे केला, टिल्लीपुढे करते तसा, तळवा वर. "बसले. आता द्या."

अण्णांनी क्षणभर विचार केला. मग धंद्याच्या शिस्तीने, पातं मिटून, मूठ तिच्याकडे करून वस्तरा तिच्या तळव्यावर ठेवला. पुढल्याच क्षणी त्यांचे गुडघे वाकले. ताई पाणी घेऊन दारात पोचल्याच होत्या. दोघींनी मिळून त्यांना खाली बसवलं. गिळता येतंय ना हे बघत सुनेने एकेक घोट पाजला. निम्मं पाणी शर्टावर गेलं. वकीलसाहेब एवढ्यात म्हणत होते, "आणि दुसरा मुद्दा असा."

ताईंनी अण्णांना सावरून धरलं होतं, तोवर सुनेने फोनसाठी दुकान उलटंपालटं केलं. टॉवेलांच्या पेटीचं झाकण काढताच आत फोन नुकत्याच उठलेल्या बाळासारखा किंचाळायला लागला. जरा वेळाने पडद्यावर आकडा आला. एकेचाळीस, सत्तरच्या खाली धोका असताना. घड्याळावरही आला, टिल्लीच्या कपाळावर, लालभडक. सून तो बघत राहिली. सत्तेचाळीस. छप्पन्न. तिने आणखी थोडं पाणी दिलं. पेस्ट्रीचं खोकं तिला शेल्फवर दिसलं, पण मलईतली साखर रक्तात पोचायला फार वेळ घेते हे डॉक्टरांनी सांगितलेलं तिला आठवत होतं. सत्तरी ओलांडल्यावर तिने दोरी सोडली आणि स्वतःच्या हाताने अण्णांना पेस्ट्री भरवली. जी गोष्ट खाऊ नये म्हणून एवढं रामायण झालं ती शेवटी सुनेच्या हातूनच पोटात गेली.

अण्णांच्या चेहऱ्यावर रंग आला आणि रंगापाठोपाठ जीभ. तोवर वकीलसाहेबांनी डोळे उघडून आरशात बघितलं होतं. ते उठून उभे राहिले. नुकसानभरपाई, निष्काळजीपणा, आणखी काही कलमं त्यांच्या फेसाळ तोंडातून बाहेर पडली.

अण्णा जमिनीवर बसूनच म्हणाले, "साहेब, अर्धा निकाल लागलाय. उरलेली बाजू काढली की सगळं समान होईल."

वकीलसाहेबांची उरलेली बाजू सुनेने काढली. वस्तऱ्याने नव्हे, मशीनने. वकीलसाहेब मिशीशिवाय दहा वर्षांनी लहान दिसले, हे ताईंनी त्यांना सांगितलं आणि खटला तिथेच निकालात निघाला.

दुकानात दोघंच उरल्यावर अण्णांनी सगळं कबूल केलं. पेटी, पेस्ट्री, चार युनिटं. सून ऐकता ऐकता जमिनीवर सांडलेलं साखरपाणी पुसत राहिली. तिला रागवायचं होतं, फार रागवायचं होतं, पण पोटातली भीती अजून बाहेर निघाली नव्हती, त्यामुळे रागाला वाट मिळेना. शेवटी ती एवढंच म्हणाली, "अण्णा, तुम्ही मला फसवलंत."

"फसवलं," अण्णा म्हणाले. "पण तू तरी कुठे मला बघत होतीस? पूर्वी दुपारी फोन करायचीस, अण्णा, जेवलात का? मी खोटंच सांगायचो, ते सोड. पण बोलणं तरी व्हायचं. आता मनगट बघतेस आणि ठरवून टाकतेस."

 आवाजावरून तिने अण्णांचं प्रत्येक खोटं तेव्हाही ओळखलं होतं. आज ताईंनी 'गप्प आहेत' म्हटल्याबरोबर तिला जे कळलं, ते घड्याळाने तासभर कळू दिलं नव्हतं.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. अण्णा समोर बसून खुणा करत होते, सांगू नकोस. तिने सगळं सांगितलं. लपवून ठेवण्याचा काय निकाल लागतो ते तिने दुपारीच बघितलं होतं. स्वतः बंद केलेली ती थरथरही तिने सांगितली.  मग बरीच घासाघीस झाली. वस्तरा फक्त सकाळी. इन्सुलिननंतर जेवेपर्यंत दाराला आतून कडी, पंतप्रधान आले तरी. दुपारी नुसती कात्री. फोन खिशात, पेटी भंगारात. आठवड्यातून एक पेस्ट्री, उघडपणे, हिशोब करून टोचलेल्या इन्सुलिनसकट. किल्ली अण्णांकडेच राहिली. पेटी जाताना अण्णांच्या जिवाला फार लागलं.

सुनेने घड्याळावरचा फोटो बदलला. आता टिल्ली निळ्या झबल्यात आहे आणि मिनिटं तिच्या पोटावर स्पष्ट दिसतात. ती थरथरही तिने पुन्हा चालू केली. अण्णा खिशातला फोन संडासला जाताना काढूनच ठेवतात, त्यामुळे मैत्रिणीला त्यांच्या पोटाची खबर परत मिळायला लागली आणि तीही निवांत झाली. आणि दुपारी चारला, आकडा कितीही गुणी असला तरी, सून फोन करते. अण्णा, जेवलात का? अण्णा सांगतात, जेवलो, भाजी संपवली. भाजीबद्दल ते खोटं बोलतात. आवाज ठणठणीत असतो, म्हणून ती ऐकून घेते.

तुम्हाला तिचं एकच सांगणं आहे. तुमच्याही हातात कुणाचा तरी आकडा असेल. नाहीतर नावापुढचा हिरवा ठिपका असेल, किंवा सकाळी आलेलं फुलांचं चित्र असेल, जे बघून तुम्ही ठरवून टाकलंय की ते माणूस बरं आहे. ते कधीचं आहे, ते बघा. आणि मग त्यांना फोन लावा, शेजारी राहत असतील तर दार वाजवा. काय बोलायचं सुचलं नाही तर जेवलात का विचारा. ते खोटं सांगतील. सांगू देत. पण जा, आत्ता जा. गोष्ट संपलेली आहे.